अंगठ्याएवढं भोक

मसाकाच्या शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या:
विभाजी ऊती, स्थायी ऊती.
स्थायीत पुन्हा साध्या आणि जटिल.
मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती,
आणि आम्ही घोकायचो,
दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारख्या माना हलवत.
‘ऊती म्हणजे विणलेलं,’ बाई म्हणाल्या,
‘झाड हे पेशींनी विणलेलं कापड.’

घरी येऊन हे मी आजोबांना सांगितलं.
काबोग्गोझा आजोबा, आईचे वडील,
कुळानंच साल कुटणारे.
इतके हसले की मोगरी खाली ठेवावी लागली.
‘विणलेलं? आम्ही सात पिढ्या कापड करतोय पोरी,
सुईत दोरा ओवला तो फक्त ठिगळापुरता.
विणायचं ते झाड विणतं. आम्ही नुसतं ठोकतो.’

मुतुबाचं झाड दर साली एक साल देतं.
त्या वर्षी शिडी धरायला मी होते.
आधी वरचं खरखरीत, मेलेलं खरवडून काढलं;
मग वर एक वळसा, खाली एक वळसा,
मधे उभी चीर,
आणि केळीच्या दांड्याची पाचर आत सरकवत
आजोबांनी झाडाचा अंगरखा काढला.
अख्खा. बाह्या नसलेला. आतून ओला.

रसवाहिन्या, मी मनात म्हटलं.
पानांनी रांधलेलं खाली मुळांना पोचवणाऱ्या.
आणि खोडावर उरलं ते
पांढरट, बुळबुळीत, नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं.
विभाजी ऊती.
पुस्तकात ती दोन रेघांमधली एक रेघ होती.
इथे ती चमकत होती.

‘हात लावू नकोस,’ आजोबा म्हणाले.
ते केळीची पानं आणायला वळले
आणि मी लावला.
अंगठा. एकदाच.
गार होतं. एवढंच आठवतं.

मग त्यांनी खोडाला केळीची पानं गुंडाळली,
वाखानं बांधली, बाळंतिणीचं पोट बांधतात तशी,
आणि झाडाकडे पाठ करून
छपरीत जाऊन ठोकत बसले.
तीन मोगऱ्या: जाड खाचांची, मधली, बारीक.
वीतभर साल पसरून हातभर झाली,
उन्हात पडून भाजल्या विटेच्या रंगाची.

परीक्षेत प्रश्न आला:
खोडाची साल गोलाकार काढली तर काय होईल?
दोन गुण.
वर्गातल्या बाविसांनी लिहिलं, झाड मरेल.
मीही तेच लिहिलं.
मग पेन्सिलीनं खाली: आमच्याकडे नाही मरत.
बाईंनी त्या ओळीवर काट मारली नाही,
गुणही दिला नाही.
पण पुढच्या रविवारी त्या आमच्या वाडीत आल्या,
नवी चप्पल हातात घेऊन, चिखलातून,
आणि पानं सोडली तेव्हा बराच वेळ उभ्या राहिल्या
त्या कोवळ्या, हिरवट कातडीपुढे.
‘हे पुस्तकात नाही,’ म्हणाल्या.
आजोबा म्हणाले, ‘पुस्तकाला केळीची पानं कोण बांधणार?’

दुसऱ्या साली साल काढली
तर मधोमध भोक.
गोल, कडा लाकडासारख्या टणक.
आजोबांनी त्यातून डोळा लावून माझ्याकडे पाहिलं.
मी पायाच्या बोटांकडे.
काही बोलले नाहीत.
रॅफियाच्या दोऱ्यानं ठिगळ लावलं, टाके बारीक,
आणि ते कापड विकायला नेलं नाही.
खाटेखाली ठेवलं, घडी करून,
स्वतःसाठी.

आता मी त्याच फळ्यावर लिहिते:
विभाजी, स्थायी, साध्या, जटिल.
मुलं घोकतात.
गेल्या महिन्यात आजोबांना त्या कापडात गुंडाळताना
मामा म्हणाला, ठिगळाची बाजू आत घे, लोक बघतात.
मी नाही घेतली.
छातीच्या थोडं डावीकडे आली ती.
टाक्यांवर अंगठा ठेवून पाहिला.
आता तो बराच मोठा झालाय,
बसत नाही.